परतीच्या डब्यातला पेढा

माझं शिक्षण किती झालं असं कुणी विचारलं की मी पदव्या सांगतो. ऐकणारा "अरे वा" म्हणतो आणि मग डोळे बारीक करून विचारतो, "अन् आता काय करून राह्यला?" इथे माझी गाडी बंद पडते. त्यापेक्षा डब्यांच्या मापाने सांगितलेलं बरं. पहिला डबा ॲल्युमिनियमचा, तो बारावीतच पोचे पडून गेला. दुसरा स्टीलचा, त्याने मला बी.ए. केलं आणि एम.ए.च्या अर्ध्यात तो बसस्टँडवरून कुणीतरी पळवला. तिसरा अजून आहे. त्याची कडी बी.एड.च्या वर्षी तुटली, तिथे बाबांनी तार ओवून दिली. ती तार आजही बोटाला टोचते.

आमचं गाव रोहण्याजवळ. शेत थोडं, विहिरीच्या भरवशावर भाजीपाला: वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, थंडीत फूलगोबी. कॉलेज वर्ध्याला, खोली वर्ध्याला आणि चूल मात्र गावातच, असा आमच्याकडच्या पोरांचा शिकायचा रिवाज. आई पहाटे उठून स्वयंपाक करणार, बाप डबा फाट्यावर नेणार, पहिल्या एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती देणार आणि गाडी पुलगावावरून वर्ध्याला पोचली की पोरगं स्टँडवर जाऊन डबा उचलणार. संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत. ड्रायव्हरच्या बाजूला, जिथे गरम लागतं त्या जागी, डब्यांच्या थैल्या एकमेकींवर रेलून बसलेल्या असत. प्रत्येकाची खूण वेगळी. कुणाची आईच्या जुन्या लुगड्याची, कुणाची शाळेच्या गणवेशाची. माझी थैली बियाण्याच्या पिशवीची होती. तिच्यावर एका टरटरीत कपाशीच्या बोंडाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'हमखास उत्पादन'. ती थैली खांद्याला लावून मी अनेक वर्षं वर्ध्यात फिरलो. उत्पादनाचं पुढे काय झालं ते येईलच.

आता मोबाईल आहे, घरी फोन करायला काय लागतं, असं कुणी म्हणेल. फोन होता. तो बाबांच्या खिशात असायचा आणि बाबा विहिरीवर, जिथे रेंज म्हणजे देवाची मर्जी. लागलाच तर माय हातात घेऊन एवढंच विचारायची, "जेवला काय?" मी म्हणायचो जेवलो. "काय करून राह्यला?" वाचून राह्यलो. "बरं, ठेवते मंग." संपलं. खरं बोलणं डब्यातून चालायचं. कारली आली की समजावं, माय रागावली आहे. वरणात मीठ जास्त झालं की समजावं, बाबांशी वाजलं आहे. दोन दिवस नुसतं चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, आलं की भाजी सगळी बाजारात गेली, म्हणजे आनंदच. आणि माझा निकाल लागून मी आपटलो की दुसऱ्या दिवशी शिरा यायचा. माझ्या आयुष्यात मी शिरा भरपूर खाल्ला आहे.

परतीच्या डब्याचाही एक नियम होता. रिकामं भांडं घरी परत येऊ नये, असं मायचं म्हणणं. शेजारणीकडून ताक आणलं तर भांडं परत देताना ती चार मिरच्या तरी टाकून द्यायची. तोच कायदा तिने एस.टी.लाही लावला. त्यामुळे रोज संध्याकाळी डबा घासला की मी त्यात काहीतरी टाकायचो. सुरुवातीच्या वर्षांत निष्ठा होती, म्हणून बोरं, केळं, मूठभर चिवडा. पुढे शिक्षण वाढलं आणि निष्ठा कमी झाली. चहाच्या टपरीवरून चिमूटभर साखर. एक पेपरमिंट. बी.एड.ला असताना एकदा काहीच सापडेना म्हणून मी खडूचा तुकडा टाकला. तो मायने भिंतीतल्या देवळीत ठेवला आणि मुंग्यांच्या वाटेवर रेघ ओढायला वापरला. मास्तरकीच्या कामात माझा तेवढाच खडू आजवर उपयोगी पडला असावा.

बी.एड.चं निघालंच आहे तर सांगतो. सराव पाठ द्यायला आम्हाला पवनारकडच्या एका शाळेत पाठवलं होतं. पाठ 'स्वच्छतेचे महत्त्व'. मी स्टँडवरून डबा उचलून थेट तिकडे गेलो आणि डब्याची ती तारेची कडी वाटेत सुटली. वर्गात शिरलो तेव्हा माझ्या पांढऱ्या शर्टावर खिशापासून कमरेपर्यंत फोडणीचं वरण उतरलं होतं. निरीक्षक मॅडम मागच्या बाकावर. मी फळ्यावर 'स्वच्छता' लिहिलं आणि वळलो, तर पहिल्या बाकावरची पोरगी शांतपणे म्हणाली, "सर, तुमच्या अंगावर जिरं हाये." मॅडमनी शेऱ्यात लिहिलं की शैक्षणिक साधनांचा वापर प्रभावी. त्या चांगल्या बाई होत्या.

बी.एड. झालं, नोकरी नाही. मग दुसऱ्या विषयात एम.ए. केलं, नोकरी नाही. मग या परीक्षा, त्या परीक्षा, शिक्षक भरती येणार येणार म्हणून बसणं. खोलीजवळच्या अभ्यासिकेत माझी खिडकीकडची खुर्ची ठरलेली होती, वरचा पंखा ठरलेला होता आणि पंख्याचा आवाजही ठरलेला होता. माझ्यानंतर आलेली पोरं माझ्याकडे यायची, कोणतं पुस्तक वाचू, कोणता प्रश्न सोडून देऊ असं विचारायची. मी त्यांना अगदी तपशीलवार सांगायचो. ती पास होऊन जायची. मी ज्या परीक्षांत पडलो त्यांचा माझ्याइतका जाणकार जिल्ह्यात नसेल. नवीन पोरगं आलं की अभ्यासिकेचा माणूस त्याला आधी पाण्याचा माठ दाखवायचा, मग मला.

खरं सांगू तर वाचण्याने मी दमलो नव्हतो. विद्यार्थी असण्याने दमलो होतो. सकाळी उठून कुठेतरी पोचायचं आहे असं तोंड करून जिना उतरायचा आणि संध्याकाळी कुठूनतरी आल्यासारखा चढायचा, याचा शीण वेगळा. पुस्तक उघडलं की पान ओळखीचं निघायचं आणि पानालाही मी ओळखीचा वाटत असणार. तरी सोडवत नव्हतं. नोकरी नव्हती म्हणून शिकत होतो, आणि शिकत होतो म्हणून नोकरी का नाही याला उत्तर होतं.

आणि रोज सकाळी डबा येत होता.

एका दिवाळीत घरी होतो. पहाटेची वेळ, माय परातीत कणीक मळत होती, मी चुलीपुढे हात शेकत तिला कुठल्यातरी परीक्षेची नवीन पद्धत समजावून सांगत होतो. मी बराच वेळ बोललो. तिच्याकडून हुंकार येईना म्हणून पाहिलं, तर तिचे डोळे मिटलेले. बसल्या बसल्या झोपली होती आणि हात मात्र कणीक मळतच होते. थोड्या वेळाने हातही थांबले. मी तसाच बसून राहिलो. माझं बोलणं ऐकून माणसं झोपतात हे मला वर्गावर कळलं होतं, पण ही झोप माझ्या बोलण्याची नव्हती. बारावीपासूनची होती.

ती जागी झाल्यावर मी म्हटलं, माय, आता डबा बंद कर, मी तिकडेच मेस लावतो. ती परातीत पाण्याचा हबका मारत म्हणाली, "तू शिकून राह्यला तवरिक डबा येईन. शिक्षण झालं का बंद."

म्हणजे तिला झोप मिळायची असेल तर माझं शिक्षण संपायला हवं. आणि शिक्षण संपायला दोनच वाटा: एक तर नोकरी लागावी, नाहीतर मी घरी येऊन म्हणावं की आता होत नाही. पहिली वाट माझ्या हातात नव्हती. दुसरी होती, पण ती धरली तर इतक्या पहाटा मायने कशासाठी मोडल्या, याचं उत्तर मलाच द्यावं लागलं असतं. त्यामुळे मी नेहमीप्रमाणे तिसरी वाट धरली. खुर्चीवर जाऊन बसलो.

माझ्याबरोबर खोलीत सेलूकडचा एक जण राहायचा. माझ्यापेक्षा बराच लहान, स्वभावाने कमी बोलणारा, त्याचाही डबा सेलूच्या गाडीने यायचा. तो तलाठ्याच्या परीक्षेत लागला. त्याला नोट्स माझ्या, प्रश्नांचा अंदाज माझा, एवढंच काय, परीक्षेला नेलेला पेनही माझा. तो पेढे घेऊन आला, पाया पडला. मी त्याला मिठी मारली, मनापासून मारली, आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंड धूत बसलो.

बाहेर आलो तर परतीच्या गाडीची वेळ झालेली. डबा घासला, थैलीत घातला आणि लक्षात आलं की आत टाकायला काही नाही. साखर संपलेली, टपरी बंद. टेबलावर पेढ्याचा खोका उघडा. मी एक पेढा उचलून वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळला, डब्यात टाकला आणि स्टँडवर धावलो. गाडी निघता निघता ड्रायव्हरच्या हातात थैली दिली. परत येताना मला जरा बरंही वाटलं, की आज मायला काहीतरी धड पाठवलं.

पंचवीस पुस्तकांतून बालमानसशास्त्र वाचलेल्या माणसाला एवढं सुचू नये? परीक्षा देत बसलेल्या पोराकडून घरी पेढा गेला, तर घरचे काय समजतील? पण नाही सुचलं. माझ्या डोक्यात तो पेढा सेलूवाल्याचा होता आणि सेलूवाल्याचाच राहिला.

दुसऱ्या दिवशी डबा उचलला तर जड लागला. खोलीवर येऊन उघडला. पुरणपोळ्या, वर तुपाची धार, मुगाचे वडे, कढी वेगळ्या बरणीत, आणि झाकणाला आतून हळदीकुंकवाची बोटं लावलेली. सेलूवाला म्हणाला, "भाऊ, आज कोन्ता सण हाये?" मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. काहीच नव्हतं, साधी चतुर्थीसुद्धा नाही. मी म्हटलं असेल काही घरचं कुळाचाराचं, जेव तू. आम्ही दोघांनी हात चाटून खाल्लं. हळदीकुंकू मी स्पंजने घासून काढलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी स्टँडवर गेलो. गाडी आली, बाकीच्या पोरांनी आपापल्या थैल्या उचलल्या, माझी दिसेना. आमच्या मार्गावरचे कंडक्टर काका माझे जुने ओळखीचे. मी बी.एड.ला गेल्यापासून ते मला मास्तर म्हणतात. ते खिडकीतून म्हणाले, "मास्तर, आज तुह्यं काई नाई." आणि हसले. का हसले ते मला कळलं नाही.

इतक्या वर्षांत गाडी बंद असल्याशिवाय डबा चुकला नव्हता. मी तिथेच उभं राहून फोन लावला. बाबांनी उचलला आणि हळू आवाजात म्हणाले, "हळू बोल. माय झोपली हाये."

"आता? बरं नाई काय तिले?"

"चांगली हाये. आता काऊन उठन ती अंधाऱ्यात? तुह्यं झालं ना. पेढा पाह्यला आम्ही." मग त्यांचा आवाज जरासा भिजला. "किती वर्सांनं झोपली हाये पाय. कोंबडं वरडलं तरी हालली नाई." आणि रेंज गेली.

मी हातात फोन धरून प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो. तेवढ्यात कंडक्टर काका खाली उतरले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "कवा देतो पेढा? सायकलवर डबा नाई दिसला तवाच समजलो मी. बाप तुह्या फाट्यावर नुसता आला, रामराम करून गेला." स्टँडवरच्या कॅन्टीनवाल्यानेही गल्ल्यावरून हात जोडले. डबे उचलायला आलेली पोरं माझ्याकडे पाहायला लागली, जसं मी कधीकाळी पास होणाऱ्यांकडे पाहायचो. कुणीतरी विचारलं, कुठे लागलं? मी म्हटलं, "ऑर्डर यायची हाये अजून." हे वाक्य कुठल्याही बेकार माणसाने कधीही म्हणावं, खोटं ठरत नाही.

त्यानंतरचे दिवस मी रोज सकाळी फोन हातात घ्यायचो. आज सांगून टाकतो, असं ठरवून. आणि नंबर दाबायच्या आधी डोळ्यांपुढे माय यायची, वाकळ डोक्यावर ओढून, भिंतीकडे तोंड करून झोपलेली. मी सांगितलं की ती दुसऱ्या दिवशी उठणार. उठून चूल पेटवणार. मी फोन खाली ठेवायचो.

आणि भूक तर लागायची. सेलूवाला ट्रेनिंगला निघून गेला, जाताना त्याचा छोटा गॅस आणि थैलीसकट डबा मला देऊन गेला; माझा डबा गावीच राहिला होता. मी स्वयंपाक शिकलो, म्हणजे ज्या अर्थाने मी बाकीचं सगळं शिकलो त्याच अर्थाने. डाळीत पाणी घालायचं विसरलो, कुकर लाल झाला. भाताची खीर झाली आणि साखर नव्हती म्हणून ती मिठाने खाल्ली. पोळी लाटायला गेलो तर ती दर वेळी कुठल्यातरी जिल्ह्यासारखी निघायची. एकदा हुबेहूब गडचिरोली झाली. इतकी वर्षं जे रोज डब्यातून आयतं येत होतं ते बनवायला किती वेळ लागतो, हे मला पहिल्यांदाच हाताने कळलं. सकाळचं भांडं घासून होईतो दुपार. अभ्यासिकेची खुर्ची रिकामी राहू लागली. तिथे कुणीतरी नवीन पोरगं बसायला लागलं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. नुसती झोप आली.

मग एक दिवस बाबांचाच फोन आला. पोस्टिंग कोन्त्या गावाले भेटलं, लोक विचारून राह्यले. मी म्हटलं, रविवारी घरी येतो, मग सांगतो.

निघायच्या सकाळी सेलूवाल्याचा डबा थैलीत घालताना हात थांबला. रिकामा कसा नेऊ? खोलीत वांगी होती. मी त्यांची भाजी केली, त्यातल्या त्यात बरी झाली, तळाला लागली नाही. ती डब्यात भरली आणि वर एक पोळी घातली, साधारण अकोला जिल्हा. गाडीत कंडक्टर काकांनी तिकीट दिलं, थैलीकडे पाहिलं आणि चक्रावले. "हे उलटं कसं? डबा इकडून तिकडे?" मी म्हटलं, मायसाठी नेतो. ते तिकिटाचं मशीन छातीशी धरून थोडा वेळ माझ्याच सीटजवळ उभे राहिले. त्यांचीही रिटायरमेंट जवळ आली होती. पुलगाव येईपर्यंत मी बोलायची तयारी केली. प्रस्तावना, विषयप्रवेश, मुख्य भाग. बी.एड.ला पाठाची टाचणं काढायला शिकवतात ते कधीतरी कामी यावं.

घरी पोचलो तेव्हा बाबा बाजारात गेलेले. माय ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. तिचा चेहरा पाहून मी जरा दचकलो. डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसट झाली होती. मी समजत होतो की तिचा चेहराच तसा आहे.

पाणी प्यायलो. प्रस्तावना विसरलो. बाजूला बसून म्हटलं, "माय, तो पेढा माह्या नव्हता."

ती जुडीला दोरा गुंडाळत होती. गाठ मारून दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "मले माहीत हाये."

"कवापासून?"

"उघडला तवापासून. तुह्यं झालं असतं त तू इस्टीनं पेढा पाठोला असता काय? सोता नाचत आला असता. अन् एकच? लोकाचा होता तो."

मग मला ते झाकण आठवलं, स्पंजने घासलेलं. "मंग पुरणपोळी काऊन केली?"

"शेवटचा डबा होता ना, बाप्पा. गोड नोको?"

तिने दुसरी जुडी घेतली. पिवळी पानं खुडून बाजूला टाकत, माझ्याकडे न पाहता ती बोलली, जसं शेजारणीशी बोलावं तसं. "तुले शिकू नोको म्हणवत नाई मले. अन् आता उठवत बी नाई. गुडघे धरते, डोळे जळते. पेढा आला, तुह्या बाबाले खरंच वाटलं. मी म्हटलं, वाटू दे. आपणबी दोन दिवस खरं समजून झोपून घेऊ. तू काई बोल्ला नाई, तवा मी झोपतच गेली."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच अडकलं. मी तिची झोप मोडू नये म्हणून गप्प होतो, आणि ती माझ्या गप्प राहण्यावर झोपत होती. एवढ्या वर्षांत आम्हा दोघांचं पहिल्यांदाच इतकं जमलं होतं.

मी डबा पुढे केला. तिने उघडला, पोळीकडे पाहून काही बोलली नाही, ही तिची माया. वांग्याचा घास तोंडात घातला, चावला. "जिरं जाळलं," म्हणाली. पण ओट्यावर मांडी घालून सगळं खाल्लं. बोटं चाटली आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या हातचं किती दिवसानं खाल्लं मी." पुढे म्हणाली, "बाबाले तूच सांगजो. आजच सांग. उद्या त्याईले आर्वीले जाचं हाये, तठी आणखी पन्नास जणाले सांगून येईन."

बाबा दिवस कलता आले. मी सांगितलं. ते खाटेवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पेढा खाल्ल्यापासूनची त्यांची ताठ चाल ते दारात शिरताना मी पाहिली होती, ती आता बसल्या जागी उतरताना दिसत होती.

"मी त सगळ्याइले सांगतलं," ते म्हणाले. "रोहण्यात सांगतलं. पुलगावच्या बाजारात सांगतलं."

मी मान खाली घातली.

"आता कोणाकोणाले परत सांगत फिरू? त्यापेक्षा तूच होऊन जाय लवकर. ते सोपं पडन." हे त्यांनी गंमतीने म्हटलं की मनातून, मला आजही ठरवता आलेलं नाही. मग मायकडे वळून त्यांनी विचारलं, "मंग उद्यापासून डबा?"

माय चुलीपुढून म्हणाली, "नाई." एवढंच. पुढे काही नाही, मागे काही नाही. बाबांनी टोपी डोक्यावर ठेवली.

सकाळी मी उठलो तेव्हा ऊन ओट्यावर आलं होतं आणि माय अजून झोपेतच होती. आम्ही बापलेकांनी आपापला चहा केला. निघायची वेळ झाली तेव्हा ती उठली, डबा घेतला आणि आत गेली. तिचा कायदा तिलाही लागू होता, रिकामं भांडं घराबाहेर कसं जाईल? मला वाटलं, चटणी देईल, नाहीतर लाडू. बाहेर आली तर डब्यात तुरीची डाळ होती, कच्ची. वर चार वांगी, कागदात हिरव्या मिरच्या आणि पुरचुंडीत जिरं.

"जिरं आखरीले टाकजो," म्हणाली. "तेल तापलं का गॅस बारीक करजो. जळत नाई मंग."

बाबांनी थैली सायकलच्या हँडलला अडकवली आणि आम्ही फाट्यावर चालत गेलो. वाटेत ते मेथीच्या भावाबद्दल बोलले, माझ्याबद्दल नाही. तासिकेवर शिकवायचं एक काम वर्ध्याला निघतंय, वर्षभराचंही खात्रीचं नाही, तिकडे विचारून पाहतो, असं मी म्हटलं. ते "पाय" म्हणाले, म्हणजे बघ. त्या एका शब्दात पूर्वीसारखा जोर नव्हता, पण ओझंही नव्हतं.

गाडी आली. मी मागच्या दाराने चढलो, जागा मिळाली, खिडकीतून पाहतो तर बाबा पुढे धावले आहेत. त्यांनी नेहमीप्रमाणे थैली वर करून ड्रायव्हरच्या हातात दिली, नेहमीप्रमाणे म्हणाले, "वर्धा. पोट्टा घ्याले येते." ड्रायव्हरने ती बाजूला गरम जागेवर ठेवली. गाडी सुटली. पोट्टा मागच्या सीटवर बसलेला होता.

मी उठून पुढे जाऊन थैली आणू शकलो असतो. नाही आणली. डोकं खिडकीला टेकलं आणि मला झोप लागली, पार वर्धा येईपर्यंत. उतरल्यावर मी गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या खिडकीखाली गेलो, बाकीच्या पोरांच्या मागे रांगेत उभा राहिलो, आणि नंबर आल्यावर हात वर केला.